उधाणाआधीची चाचणी

"दोनच चौकटी आहेत, ताई. हो किंवा नाही. मधलं काही नसतं," मितेश म्हणाला आणि त्याने पेन सगुणापुढे धरले.

सगुणाने पेन घेतले नाही. ओटीवर बसून ती सुपातले वाल निवडत होती, ती निवडतच राहिली. अंगणात शेवग्याच्या सावलीला ती वस्तू उभी होती. पुढे दोन चाकांवर पत्र्याची रुंद पेटी, मागे एक चाक आणि बसणीखाली पोटाशी धरल्यासारखी बॅटरी. कागदावर तिचे नाव 'मालवाहू विद्युत सायकल' असे होते. खारशेत गावाने पहिल्याच दिवशी तिचे नाव 'पेटी' ठेवले होते.

"परत वाच बघू."

"'ही सायकल मोटारगाडीला पर्याय ठरू शकते.' हो. नाही."

"आणि मी व्हय लिवलं की बाबाजीभावजींची जीप बंद."

"बंद म्हणजे, मंडळाचा करार या महिनाअखेरीला संपतो."

"बंदच ना रे मग. मराठीत बोल."

मितेश हसला. पोरगा वाईट नव्हता. रोह्याच्या आरोग्य मंडळात तो दोन वर्षांपूर्वी लागला होता आणि गावोगाव फिरून असले कागद भरून घेणे हे त्याचे काम होते. सगुणा त्याच मंडळाची आरोग्यसेविका. खारशेत आणि त्याचे तीन पाडे एवढे तिचे राज्य. बाळांचे वजन, लशींचा डबा, गरोदर बायकांची तपासणी एवढा तिचा कारभार. एकोणीस वर्षे तिने तो एकहाती चालवला होता. गावापासून वडखळच्या नाक्यापर्यंत पाच किलोमीटर, खाडीच्या कडेकडेने जाणारा मातीचा बांध हाच रस्ता. नाक्यावर अ‍ॅम्ब्युलन्स मिळे आणि ती पेणच्या दवाखान्यात नेई. पण नाक्यापर्यंत बाई आणायची कशी, हा सगळा प्रश्न त्या पाच किलोमीटरांचा होता. तो इतकी वर्षे तिच्या चुलत दिराच्या, बाबाजीच्या जीपने सोडवला होता. मंडळ जीपचे भाडे देई आणि बाबाजी त्या भाड्यावर गावाचा राजा असल्यासारखा मिरवे.

खरे सांगायचे तर पेटी सगुणाला आवडली होती. आठ दिवस तिने ती चालवली. लशींचा डबा, वजनकाटा, औषधांची पिशवी असे सगळे ओझे घालून तिन्ही पाडे फिरली, तरी रात्री खटक्याला लावलेली बॅटरी दुसऱ्या सांजेपर्यंत पुरली. जीप जिथे वळत नाही त्या मिठागरांच्या अरुंद वाटांवरून पेटी बिनबोभाट गेली. आठवा लागलेल्या भूमिकाला पेटीत फळी टाकून, उशी देऊन तिने नाक्यापर्यंत नेऊन आणले, तर ती पोर म्हणाली, "काकू, जीपमध्ये पोटातलं पाणी हिंदकळतं, यात तसं नाय." आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बाबाजीच्या दारात जाऊन उभे राहावे लागले नाही. "थांब गो वहिनी, चहा घेतो, मग निघू," हे शब्द ऐकावे लागले नाहीत. एकोणीस वर्षे त्या चहाच्या कपाकडे बघत तिने दात आवळले होते.

म्हणजे 'हो' लिहायला तिचा हात आतुर होता. तो अडला होता वेगळ्याच कारणाने.

"आज कोण तिथी?" तिने विचारले.

मितेशने मोबाइल पाहिला. "आज पंधरा तारीख."

"तारीख नाय विचारली."

त्याला सांगता आले नाही. सगुणाने सूप खाली ठेवले. "आज तेरस. पेटी आणलीस तेव्हा षष्ठी होती. षष्ठी ते तेरस म्हणजे सगळा भांग. भांगाला खाडी मेल्यागत पडून असते. परवा अवस. अवसेपासून चार दिवस उधाण. रस्ता बसलाय तिथं दुपारी गुडघाभर पाणी चढतं, दोन-तीन तास उतरत नाय. रातीला परत तेच. पुनवेला परत तेच. तू परीक्षा घेतलीस ती पोर झोपलेलं असताना. उठल्यावर काय करतं ते बघायचं नाय?"

सात वर्षांपूर्वी बांधाला खांड पडली होती. ती बुजवली म्हणून पाटी लागली, पण त्या जागी दोनशे पावले रस्ता असा खाली बसला की पाठीवर बुक्की बसलेल्या माणसासारखा तो पुन्हा कधी ताठ झाला नाही. उधाणाचे पाणी तिथूनच आत येई. जीप उंच होती. बाबाजी पहिल्या गिअरमध्ये, खिडकीतून मान बाहेर काढून, पाण्याखालच्या कडा ओळखत ती पार नेई. एवढे एक काम तो चहा न घेता करी.

मितेशचा चेहरा उतरला. त्याने पिशवीतून आणखी एक कागद काढला. "पण ताई, पाहणीच्या फॉर्मवर तर असं नाही. हे बघा. 'वर्षातून रस्ता किती दिवस बंद असतो?' उत्तर आहे, शून्य." तो थांबला. "अक्षर तुमचं आहे."

सगुणाने कागद घेतला. अक्षर तिचेच होते. सातवीपर्यंत गिरवलेले, गोल, नीटस शून्य.

तिला तो दिवस आठवला. देवळाच्या पारावर सगळे जमले होते, तिने मोठ्याने प्रश्न वाचला होता आणि दहा तोंडांतून एकच उत्तर आले होते : रस्ता बंद? नाय कधी. कारण खारशेतात रस्ता बंद म्हणजे रस्ता वाहून गेला. पाणी चढले तर रस्ता बंद होत नाही. पाण्याची वेळ असते, माणूस बिडी ओढत काठावर बसतो, पाणी उतरले की उठतो. लग्नाच्या वऱ्हाडाने असेच बसायचे, मयताला आलेल्या सोयऱ्यांनी असेच बसायचे. हे सांगण्यासारखे काही असते, हे कुणाच्या मनातही आले नाही. तिच्याही नाही. आणि ज्याला पाण्याची वेळ पाळता येत नाही, अशा बाईचे काय, हा प्रश्न कागदाने विचारला नव्हता आणि तिने त्याला उत्तर दिले नव्हते.

तिच्या कानशिलांतून वाफ निघाल्यासारखे झाले. राग मितेशचा होता, कागद छापणाऱ्याचा होता, आणि सगळ्यांत तळाशी, गाळात रुतलेला, स्वतःचा होता.

"कागद ठेवून जा," ती म्हणाली. "सोमवारी मी स्वतः रोह्याला आणून देते. आणि पेटी आणखी दोन दिवस इथं राहील."

"ताई, चाचणी संपली. उद्या टेम्पो येणार आहे."

"टेम्पोला सांग, सगुणाताईकडं पेटी नाय. चोरीला गेली म्हण. शनिवारी सापडेल."

अवसेला दुपारी एकच्या सुमारास तिने मिठागरावरून मिठाच्या दोन गोण्या आणून पेटीत घातल्या. भूमिका फाटकाशी उभी होती. "मीच बसते की काकू. गोण्यांनी काय कळणार?" ती म्हणाली. सगुणाने तिच्याकडे असे पाहिले की पोर निमूट घरात गेली.

खाली बसलेल्या रस्त्याशी ती पोचली तेव्हा पाणी नुकतेच चढत होते. डावीकडची खाडी आणि उजवीकडची शेते एकमेकांना भिडली होती; रस्ता कुठे आहे हे फक्त ज्याला माहीत त्यालाच माहीत. काठावर बाबाजी जीप लावून बॉनेटला टेकून उभा होता. त्याला कुणी सांगितले होते देव जाणे. गावात अशी बातमी सांगावी लागत नाही.

"या वहिनी. समुद्रपर्यटन?"

 सगुणाने वेग धरला आणि ती पाण्यात शिरली. पहिली पन्नास पावले पेटी गेली, तिने मनात तिला शाबासकीही दिली. मग मागच्या चाकातून घशात काही अडकावे तसा आवाज आला. पेटी थबकली, दोनदा हुंदके देऊन पुढे सरकली आणि गप्प झाली. सगुणा खाली उतरली. पाणी गुडघ्याच्या वर होते. पेटीत पाणी शिरून गोण्या भिजल्या होत्या आणि ओझे दुप्पट झाले होते. तिने पदर खोचला आणि ढकलायला सुरुवात केली. चाक कडेच्या चिखलात घसरले की ती पेटीला खांदा देई. खारे पाणी डोळ्यांत जाई. एकदा पाय सटकून ती बसली तेव्हा पाणी गळ्याशी आले. त्या क्षणी तिला पेटीत गोण्यांच्या जागी भूमिका दिसली, उशीवर टेकलेली, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरलेली. सगुणाने तोंडातले खारे पाणी थुंकले आणि एक अशी शिवी घातली जी तिने एकोणीस वर्षांत कुठल्याही बाळंतिणीच्या तोंडूनही ऐकली नव्हती.

दोनशे पावलांना पाऊण तास लागला.

पलीकडे बाबाजी आधीच पोचला होता. त्याची जीप मागून येऊन, तिच्या अंगावर पाणी उडवून पार झाली होती. त्याने तिच्यापुढे टॉवेल धरला. "आता लिव 'नाय'. भंगार हाय म्हणून लिव."

"भंगार नाय ती."

"अगो, डोळ्यांनी बघितलंस ना?"

"भावजी, महिन्यातले वीस दिवस ती तुमच्या जीपपेक्षा बरी हाय. चहा मागत नाय, तोंड वर करून बोलत नाय. आठ-दहा दिवस तिचं काम नाय, तेवढंच तुमचं काम हाय. मी दोन्ही लिवणार."

"दोन्ही?" बाबाजीला हसूच आवरेना. "दोन्ही कोण देतंय? सरकार हाय का सासरा?"

तिने टॉवेल घेतला नाही.

सोमवारी वडखळच्या नाक्यावरून ती एस.टी.त बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत कागद आणि बाळंतपणांची वही. गडब मागे पडले, नागोठणे आले, भिसे खिंडीची वळणे आली. तिने खिडकीबाहेर पाहिले नाही. मनातल्या मनात ती भांडत होती आणि प्रत्येक भांडणात जिंकत होती.

मंडळाची कचेरी कुंडलिकेच्या पुलाजवळ होती. तिथे खुर्चीत सुहासिनीबाई बसल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात, पाठ सरळ, सुती साडीच्या निऱ्या पट्टीने मोजल्यासारख्या. रोह्यातल्या जुन्या जमीनदार घरातल्या. नवऱ्याच्या मागे त्यांनी चाळीस वर्षे हे मंडळ उभे ठेवले होते. सगुणाला कामावर त्यांनीच घेतले होते. त्यांच्यापुढे बसायचे नाही असा नियम नव्हता, पण कुणी बसत नसे.

त्यांनी सगुणाचे सगळे ऐकून घेतले.  मग म्हणाल्या, "शून्य तू लिहिलंस."

"व्हय, बाई."

"त्या शून्यावर मी ठराव केला. त्या ठरावावर एका कंपनीने बावीस गावांसाठी पैसे दिले. सायकलींसाठी. जीपसाठी नव्हे. तुला हे आधी सांगता आलं नाही?"

"मला वाटलं, सगळ्यांना ठाऊक असतं." सगुणाचा आवाज चढला. "पाणी चढतं हे काय सांगायचं असतं, बाई? सूर्य बुडतो ते कोण सांगतं? चूक माझी. ती मी मान्य करते. पण तुमचा माणूस भांगाला आला नि भांगालाच गेला, ती चूक कुणाची?"

कोपऱ्यातल्या टेबलावर मितेश संगणकात डोके घालून बसला होता, ते त्याने आणखी आत घातले.

सगुणाने वही उघडून टेबलावर ठेवली. मंडळाच्या छापील वहीत तारखेचा रकाना होता. शेजारी तिने पट्टीने आखून तिथीचा रकाना घातला होता, कारण गावात बारशाला तारीख कुणी विचारत नाही. "सात वर्षांत एकोणनव्वद बाळंतपणं. उधाणाच्या दिवसांतली सत्तावीस. त्यातली ऐन पाण्याच्या वेळेची नऊ. शिवाची सून, अवस. केरूची धाकटी, पुनवेनंतरची बीज. ही पूजा, रघूची बायको. त्या दिवशी जीप गॅरेजात होती. आम्ही काठावर बसून पाणी उतरायची वाट बघितली. मूल नाक्यावर पोचलं. पूजा नाय पोचली."

सुहासिनीबाईंनी चष्मा काढून वही डोळ्यांजवळ नेली. बोट एकेका नावावरून खाली सरकत गेले. पूजाच्या नावाशी ते थांबले. 

"तू सांगतेस ते खरं आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि तरी ठराव बदलणार नाही. बदलला तर बावीस गावांचे पैसे परत जातील. म्हणून नीट ऐक. 'हो' लिहिलंस तर सायकल तुझ्याकडे राहील. महिन्यातले वीस दिवस तरी राहील. 'नाही' लिहिलंस तर ती दुसऱ्या गावाला जाईल आणि जीप तर बंद होणारच आहे. दोन्ही हातांनी रिकामी होशील. शहाणी असशील तर हो लिही. मी अशी किती तरी 'हो' लिहिली, म्हणून हे मंडळ चाळीस वर्षं चाललं."

"तुमची 'हो' कागदावरच राहिली, बाई. माझ्या 'हो'वर उद्या कुणीतरी एखाद्या बाईला पेटीत बसवेल. अवसेला. मी रजेवर असेन, मेलेली असेन, नवी पोर असेल. ती म्हणेल, सगुणाताईंनी लिवलंय ना, चालतंय."

"मग नाही लिही."

"नाय तरी कसं लिवू? ती पेटी बरी हाय. खोटं किती वेळा लिवू? एक शून्य झालं की लिवून."

बाईंच्या ओठांची रेघ हलली. ते रागाने की आणखी कशाने, हे सगुणाला कळले नाही.

"पट्टी आहे का?" सगुणाने विचारले.

मितेशने पट्टी दिली. टेबलाच्या कडेला उभ्या उभ्या वाकून तिने छापील दोन चौकटींच्या खाली तिसरी चौकट आखली. चारही कोपरे जुळवले. शेजारी लिहिले : 'भांगाला हो. उधाणाला नाही. उधाणाला उंच गाडी पाहिजे.' मग तिसऱ्या चौकटीत खूण केली, सही केली आणि कागद बाईंपुढे सरकवला.

"हा छापील कागद आहे, सगुणा. यात भर घालायची नसते. हा बाद धरला जाईल."

"बाद धरा. फाडू नका."

ती वही उचलून निघाली. दारापर्यंत गेल्यावर मागून सुहासिनीबाईंचा आवाज आला. तो तिला नव्हता. "मितेश, हा कागद फाइलमध्ये लाव. सगळ्यात वर."

कागद फाइलमध्ये वर लागला, पण त्याने काही बदलले नाही. मंगळवारी टेम्पो आला आणि पेटी घेऊन गेला. मोटर दुरुस्त करून ती कुठल्याशा डोंगराकडच्या गावाला दिली म्हणतात, तिथे ती उत्तम चालते. महिना संपला तशी बाबाजीची जीपही गेली. रोह्याकडच्या एका कंपनीच्या शिफ्टच्या माणसांची ने-आण करायला लागली. जाताना तो सगुणाच्या दारात आला. "वहिनी, व्हय लिवलं असतंस तर मी शिव्या घातल्या असत्या," तो म्हणाला. "नाय लिवलं असतंस तर पाया पडलो असतो. तू हे मधलंच काय केलंस गो?" तिने त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला.

भूमिकाची सासू तिच्याशी बोलायची थांबली. विहिरीवर एकदा मात्र, घागर वर ओढता ओढता, दुसरीकडे बघून म्हणाली, "कुणाकुणाला खरं लिवायची हौस. त्यांच्या हौसेपायी आमच्या सुना पायी चालणार."  सगुणा त्या दिवशी घरी येऊन भांडी अशी आपटत राहिली की शेजारचे कुत्रे उठून दूर जाऊन बसले.

वैशाखातल्या वद्य अष्टमीला, भांग लागल्यावर, तिने तिघींना निघायला सांगितले. भूमिका, शिवाची नात आणि पाड्यावरची एक अशा तिघींचे दिवस अवसेच्या आगेमागे भरत होते. वडखळला नाक्यामागे सगुणाच्या बहिणीची एक खोली होती. ती तिने रिकामी करवून घेतली होती. चटया टाकल्या होत्या, पाण्याचा माठ भरला होता. उधाण येऊन जाईपर्यंत तिघींनी तिथे राहायचे, कळा लागल्या की नाक्यावरून पेणला जायचे, पोर झाले की मगच घरी परतायचे. सासवांनी कुरकुर केली. दिवस भरलेली सून आपल्या उंबऱ्याच्या आत असावी की परक्याच्या खोलीत? सगुणाने कुणाशीही वाद घातला नाही. सकाळी सहाला ती एकेका दारात जाऊन उभी राहिली आणि बाई बाहेर येईपर्यंत हलली नाही.

त्या बांधावरून निघाल्या तेव्हा ऊन चढायला लागले होते. पुढे भूमिका, एक हात कमरेवर ठेवून. मागे दुसऱ्या दोघी, बाळंत्यांची गाठोडी छातीशी धरून. सगळ्यांत मागे सगुणा. तिच्या डोक्यावर लशींचा डबा आणि त्यावर तिघींचे अंथरूण.  पाच किलोमीटर चालायचे होते आणि दर शंभर पावलांवर कुणीतरी थांबे, मग सगळ्याच थांबत.

मिठागराशी त्या रस्ता सोडून जवळच्या पायवाटेला लागल्या; ती इतकी अरुंद होती की समोरून येणाऱ्याला बाजूला व्हायला जागा नव्हती. तिथे बांधावर उभ्या राहून दहा-बारा बायका मीठ ओढत होत्या. त्यांनी या चौघींना येताना पाहिले. एकीने दंताळे खाली ठेवले, मग दुसरीने. मग सगळ्याजणी बांधावरून खाली, पोटऱ्या भाजणाऱ्या त्या पांढऱ्या खाऱ्या पाण्यात उतरल्या आणि चौघी पार जाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.